वीतभर माती

मी बोटीवर चढलो त्या दिवशी मुंबईत हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद. लालबागच्या चाळीतून माझी ट्रंक हातगाडीवर घालून आम्ही बॅलार्ड पिअरपर्यंत चालत गेलो. आई पदर खोचून गाडीच्या बाजूने चालत होती. रस्त्यात ठिकठिकाणी 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी खडूने लिहिलेली अक्षरं होती, आणि आम्ही त्यांच्यावरून गाडी नेत होतो.

वडील धक्क्यावर नव्हते. ते गिरणीत साचेवाले, मागावर कापड विणणारे. सत्याग्रहात पकडले गेले होते आणि तुरुंगात होते. दोन दिवस आधी मी त्यांना भेटायला गेलो, ते खरं तर 'जात नाही' असं सांगायला. नॉर्वेच्या उत्तर टोकाला गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करायची शिष्यवृत्ती मला मिळाली होती. पण चाळीतली माझ्या वयाची सगळी मुलं रस्त्यावर उतरलेली. समोरच्या खोलीतला दिगू मला तोंडावर म्हणाला होता, "इथं मुंबई हातातनं चाललीय आणि तू बर्फात माती उकरायला जातोस?"

वडिलांनी जाळीपलीकडून सगळं ऐकून घेतलं. "तू जा," ते म्हणाले. "माझ्यासाठी थांबलंस तर भायर इल्यावर मी तुझ्याशी बोलूचंय नाय."

मी गेलो. पण ते आत असताना मी निघालो, ही बोच बोटीवर माझ्याबरोबर आली.

तिकडची जमीन तुम्हाला कशी सांगू? उन्हाळ्यात वरचा वीतभर थर विरघळतो. काळसर, ओला, शेवाळाने भरलेला. त्याखाली फावडं मारलं की लोखंडावर मारल्यासारखा आवाज येतो. तिथून खाली सगळं गोठलेलं, कायमचं. पाणी खडकाच्या भेगेत शिरतं, गोठून फुगतं, खडक फोडतं. त्या चुऱ्यावर आधी दगडफूल धरतं, मग शेवाळ. मेलेलं पान कुजायलाही तिथं वर्षानुवर्षं लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात केळीचं साल आठवड्यात काळं पडून जिरून जातं; तिकडे मी कधीकाळी गळालेली पानं जशीच्या तशी उचलली आहेत, शिरा मोजता येतील अशी.

त्या वीतभर मातीत जिवंत काय आहे ते शोधणं हे माझं काम. पद्धत साधी. मातीचं ढेकूळ चाळणीवर ठेवायचं, वर दिवा लावायचा, खाली नरसाळं आणि बाटली. उष्णतेला भिऊन किडे खाली खाली जातात आणि बाटलीत पडतात. पहिली दोन-तीन वर्षं जमीन मोजण्यात गेली; मग पहिल्यांदा दिवे लावले त्या उन्हाळ्यात माझ्या बाटल्या रिकाम्या राहिल्या. एकामागून एक. मी अहवाल लिहून टाकला: या मातीत जीव नाही.

आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख एलिनबाई साठीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी अहवाल वाचला आणि माझं वाळलेलं ढेकूळ फोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

"बघ."

ढेकळात इवलेसे पांढरे किडे होते. मोहरीहून लहान. सगळे मेलेले.

"दिवा किती जवळ ठेवला होतास?"

मी हाताने अंतर दाखवलं.

"यांना निसटायला वेळच दिला नाहीस," त्या म्हणाल्या. "इथं घाई करून काही मिळत नाही. एक वर्ष आणखी राहा. शिष्यवृत्तीचं मी बघते."

मला रडू आलं होतं, ते थंडीवर ढकललं. त्या हिवाळ्यात वडिलांना मी सगळं लिहिलं. ते केव्हाच सुटून परत साच्यावर उभे राहू लागले होते. चूक माझी होती हे लिहिलं. तुम्ही आत असताना मी निघालो हेही लिहिलं.

उत्तर आलं ते पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. राज्य झालं होतं. चाळीच्या गॅलऱ्यांमध्ये पणत्या लागल्या, दिगूने त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं, असं सगळं सविस्तर होतं. माझ्या बोचणीबद्दल एक अक्षर नाही. शेवटी एकच ओळ, जशी बोलतात तशी लिहिलेली: "आमका मुंबई गावली. तुका किडे गावले की नाय?"

मी एकटाच मोठ्याने हसलो. त्या उन्हाळ्यात दिवा उंच टांगला, आठवडाभर वाट पाहिली. एका सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरे ठिपके दिसले, आणि ते हलत होते. त्याच दिवशी घरी तार केली: गावले.

पुढे मी तिथंच नोकरीला लागलो. दादरची सुनंदा लग्न करून तिथं आली, आम्ही लाकडी घर घेतलं. गिरणीतून निवृत्त झाल्यावर वडील एका उन्हाळ्यात पंधरा दिवस राहायला आले. आईने मात्र बोटीचं नाव काढू दिलं नाही. वडिलांना मी केंद्रात नेलं. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले.

"हे हयसरच जल्मले काय रे, की खंयसून इले?"

मी सांगितलं की इथं आधी नुसता बर्फ होता. तो मागे सरला तेव्हा जमीन उघडी पडली. मग वाऱ्यावरून, पक्ष्यांच्या पायांना चिकटून हे आले असावेत.

"इले आणि हयसरच रवले," ते म्हणाले, आणि पुन्हा डोळा लावला.

लालबागला पोचल्यावर त्यांचं पत्र आलं. प्रवासाची हकीकत, आईचा निरोप. सुरुवातच अशी होती: "तुझ्या घरी पंधरा दिवस सुखात राहून आलो."

तुझ्या घरी. इतकी वर्षं हा शब्द मी स्वतः तिथल्या जागेसाठी वापरला नव्हता, 'मुक्काम' म्हणायचो. त्यांनी तो सहज लिहून टाकला. आता लालबागला यायला निघालो की मी सुनंदाला म्हणतो, घरी चाललो. परतताना इथं चाळीत तुम्हा सगळ्यांना नमस्कार करतो आणि तेच म्हणतो, घरी चाललो. दोन्ही वेळा खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.