निकालात राहिलेली ओळ

माले गावातल्या आमच्या शेताच्या वाटेवर एका बंगलेवाल्यानं तारेचं कुंपण घातलं, तेव्हा माझा धाकटा भाऊ काठी घेऊन गेला. कुंपण तोडलं, बंगल्यात घुसला, आडव्या आलेल्या वॉचमनचा हात मोडला. चूकच केली, उगाच कशाला झाकू? पण सकाळ एक, काठी एक, आणि कोर्टात गुन्हे झाले तीन.

न्यायाधीशांनी तिन्हींना एकेक वर्ष दिलं. आम्हाला वाटलं, भांडण एक तर वर्षही एकच. वकिलालाही तेच वाटलं. अपील करू म्हटलं तर भाऊच म्हणाला, "मारलंय ना मी? मग भोगतो. वरीस काय, जाईल निघून."

वर्ष भरलं त्या दिवशी मी घरून धुतलेला सदरा घेऊन तुरुंगाच्या दाराशी गेले. घरी आबांना, आमच्या वडलांना, उठवत नव्हतं, तरी दाढी करवून बसले होते. दारावरच्या शिपायानं आत विचारलं नि म्हणाला, "अजून दोन वर्षं आहेत, ताई." अहो, कुठली दोन? तर म्हणे, शिक्षा एकत्र भोगायच्या असं निकालात लिहिलंच नाही, आणि लिहिलं नाही की त्या एकामागून एक भोगायच्या. एक ओळ राहिली म्हणून माणसाची दोन वर्षं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच वकिलाकडं गेले आणि झाडलं, "निकाल वाचायला काय धाड भरली हुती तुमाला?"

अपील वरच्या कोर्टात गेलं. मग तारखा. एकदा खालचे कागद आले नाहीत, एकदा सरकारी वकील आले नाहीत. आबा रोज विचारायचे, "आला का गं?" मी म्हणायचे, "येतोय." पाचव्या महिन्यात आबा गेले. भावाला चार तास सोडा म्हणून केलेला अर्ज सहीसाठी अडकला. अग्नी मी दिला.

आठव्या महिन्यात सुनावणी झाली, दहा मिनिटांत. घटना एकच, शिक्षा एकत्र भोगायच्या होत्या, त्या केव्हाच भोगून झाल्या, सोडा. वकील हसत बाहेर आला, "जिंकलो, ताई!" कसलं डोंबलाचं जिंकलो! चूक त्यांची, भोगलं आम्ही, आणि पेढे वाटायचे?

भाऊ घरी आला. ओसरीवर बसून त्यानं निकाल स्वतः वाचला, दोनदा. मग म्हणाला, "आक्का, म्हंजे आबा गेले तवा मी सुटलेलो व्हतो?"

"व्हय," मी म्हणाले.