बँकेला हवा होता रंगूचा आवाज

भरडखोलच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचं काम रंगूचं. होड्या लागल्या की टोपल्यांपुढे उभी राहून ती असा आवाज लावायची, की पलीकडच्या धक्क्यावरचा व्यापारीही मान वळवायचा. गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही. नवरा विठोबा ओठांकडे बघून अंदाज बांधायचा. चुकला की ती चिडायची.

डॉक्टरांनी एक यंत्र सुचवलं होतं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की बोलणं ऐकू येतं. श्रीवर्धनला कुठल्याच दुकानात ते नव्हतं, ऑनलाइनच मागवायला हवं होतं. रंगूने मोबाइलवर स्वतःच्या कार्डाचा नंबर घातला. ओटीपी आला, तोही टाकला. तरी पैसे गेले नाहीत. बँकेचा मेसेज आला: व्यवहार संशयास्पद वाटल्याने थांबवला आहे, पडताळणीसाठी फोन करू.

फोन विठोबाने उचलला.

"आम्हाला खातेदाराशीच बोलायचंय," पलीकडची मुलगी म्हणाली.

"ती हितंच हाय. पण तिला बोलता येत न्हाय."

"सॉरी सर, जन्मतारीख आणि आईचं नाव त्यांनीच सांगायला हवं."

"अवो, बोलता यावं म्हणूनच तर यंत्र घेतोय!"

मुलीने पुन्हा तेच सांगितलं. रंगूने फोन हिसकावून घेतला, तोंडाशी धरला, ओठ हलवले. पलीकडे "हॅलो? हॅलो?" झालं आणि फोन कटला. थोड्या वेळाने कार्डच बंद झाल्याचा मेसेज आला. रंगू उठली, मागच्या दारी गेली आणि वाळत घातलेले बोंबील उगाचच उलटेपालटे करत राहिली.

सकाळी पहिल्या एसटीने दोघं श्रीवर्धनच्या शाखेत गेली. खिडकीमागे प्रणाली नावाची नवी कर्मचारी होती. विठोबा घाईघाईने सगळं सांगू लागला, तशी ती म्हणाली, "काका, जरा थांबा. मी त्यांनाच विचारते." तिने बाहेर येऊन खुर्ची रंगूसमोर ओढली. "ही खरेदी तुम्हीच करताय ना, मावशी?"

रंगूने जोरात मान हलवली.

"कुणी जबरदस्ती नाही केली?"

रंगूने विठोबाकडे पाहिलं आणि हसत नकाराचा हात हलवला. किती दिवसांनी तिला कुणीतरी सरळ काही विचारलं होतं.

ओळख पटवायला बोटाचा ठसा हवा होता. बर्फ आणि खारं पाणी यांनी रंगूची बोटं पार झिजली होती, ठशाचं मशीन एकही बोट घेईना. प्रणालीने ओल्या रुमालाने तिचं एकेक बोट पुसलं, पुन्हा टेकवलं. डाव्या करंगळीवर हिरवा दिवा लागला.

मग प्रणालीने मुख्य कार्यालयाला फोन लावला. "खातेदार माझ्यासमोर बसल्यात. त्यांना स्वरयंत्र नाही. ओळख मी पटवून घेतलीय, कार्ड सुरू करा. आणि यापुढे त्यांची पडताळणी फोनवरून करायची नाही, अशी नोंदही करा." पलीकडून बरेच प्रश्न आले. तिने एकेकाचं उत्तर दिलं, पण फोन काही ठेवला नाही.

कार्ड सुरू झालं. रंगूने पुन्हा ऑर्डर दिली, आलेला ओटीपी टाकला, आणि ऑर्डर झाल्याचा मेसेज दिसला. तिने मोबाइल विठोबापुढे धरला. तो डोळे पुसायला बाहेर गेला. रंगूने प्रणालीचे दोन्ही हात धरले, बराच वेळ सोडले नाहीत.

पार्सल पुढच्या आठवड्यात आलं. यंत्र गळ्यावर नीट बसेना, नुसती घरघर यायची. दुपारभर ती खटपट करत होती. विठोबा अंगणात जाळं शिवत बसला होता. अचानक आतून एक खरखरीत, एकसुरी पण स्पष्ट आवाज आला:

"भूक लागली."

विठोबाच्या हातातली सुई खाली पडली. तो हसत हसत उठला आणि आत जाऊन भाकऱ्या गरम करू लागला.