एका ॲब्स्ट्रॅक्टमधून काढलेलं नाव

भालेराव सर गुरुवारी गेले. मला आज, रविवारी, ई-मेलवरून कळलं.

हे मराठीत सांगावं असं इथे कार्डिफमध्ये जवळ कोणी नाही. म्हणून इथे लिहितेय.

२००४ साली साउथहॅम्प्टनला आम्ही एकाच वॉर्डात होतो. मी ज्युनियर डॉक्टर. सर माझ्या बाबांच्या वयाचे, पण कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डाचे मुख्य डॉक्टर, कधीच न झालेले.

मला रजिस्ट्रारची, म्हणजे ज्युनियरच्या वरच्या डॉक्टरची, जागा हवी होती. त्यासाठी CV वर एक तरी कॉन्फरन्स हवी.

विषय सरांचा. हिप फ्रॅक्चर झालेल्या म्हाताऱ्या पेशंटना ऑपरेशनची किती वाट बघावी लागते. अख्खा हिवाळा दर शनिवारी त्यांनी रेकॉर्ड्सच्या खोलीत बसून फायली उपसल्या. मी अधूनमधून जायचे.

कॉन्फरन्सला पाठवायचा गोषवारा, म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट, मी लिहिला. सरांनी कँटीनमध्ये पहिल्या पाच ओळींवर काट मारली.

“अगं, मंगलाष्टकं कशाला? सापडलं काय ते सांग.”

“सर, ते शेवटी आहे. Results will be discussed.”

“मग तुला बोलावतील कशाला? आकडा दे.”

आकडा दिला. पण ऑनलाइन फॉर्मला शब्दमर्यादा होती, आणि लेखकांची नावंही त्यात मोजली जात होती. निष्कर्षाचं वाक्य काही केल्या बसेना.

“माझं नाव काढ. मी आता कुठे इंटरव्ह्यूला जाणारेय?”

“सर, असं कसं?”

“काढ गं. बसतंय बघ.”

मी काढलं. एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

आमच्या कन्सल्टंटनी एकही फाईल उघडली नव्हती. पण बॉसचं नाव शेवटी असतंच. ते काढायचं माझ्या मनातही आलं नाही.

ॲब्स्ट्रॅक्ट accept झाला, पोस्टर म्हणून मांडायला. सर सुट्टी काढून, स्वतःच्या खर्चाने कॉन्फरन्सला आले. टाय लावून माझ्या पोस्टरपाशी उभे राहिले.

एका बाईंनी त्यांना विचारलं, “Were you involved in this?”

सर म्हणाले, “No, no. All hers.”

मी शेजारीच होते. नुसती हसले.

त्या पोस्टरवर मला कार्डिफची नोकरी मिळाली. पहिलं वर्षभर फोन केले, मग दिवाळीला कार्ड, मग तेही राहिलं.

ई-मेलमध्ये आमच्या वॉर्डाच्या जुन्या सेक्रेटरीने विचारलंय, हॉस्पिटलच्या न्यूजलेटरमधल्या श्रद्धांजलीसाठी सरांचं एखादं publication माहीत आहे का?

शोधलं. एकही नाही.

मी तिला आत्ताच कळवलंय. एक आहे. त्यावर नाव माझं आहे, काम त्यांचं.

सर, हे तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं. माझा शेवटचा नमस्कार.