मागचा टॉवेल

थोरल्याला घाणीचा भारी तिटकारा. सलून दोघा भावांचं, पण नियम सगळे थोरल्याचे. फरशीवर केस पडला की झाडू, आरशावर थेंब उडाला की फडकं. आणि डोक्यात खवले असलेलं गिऱ्हाईक आलं की तो धाकट्याला एवढंच म्हणायचा, "मागचा आण." दाराआडच्या खिळ्यावर त्यासाठी एक करडा टॉवेल टांगलेला असे. अशा माणसाचा कान बोटाने दुमडायचा नाही, कंगव्याच्या पाठीने दाबायचा, हेही धाकट्याला त्यानेच शिकवलेलं. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही, अशी त्याची पक्की खात्री होती.

समोरच्या गल्लीतला घड्याळवाला त्या टॉवेलाचा कायमचा धनी. कॉलरवर सदा पांढरा कोंडा. बोलायचा कमी, कानापाशी कात्री आली की स्वतःच हात वर करून आपला कान दुमडून धरायचा. तो गेला की थोरला त्याची नक्कल करायचा आणि धाकटा पोट धरून हसायचा.

आता खुद्द थोरल्याच्या अंगावर तसलेच चट्टे उठले. आधी कोपरांवर, मग कानांमागे, मग केसांत. सकाळी उशीवर पापुद्रे सांडलेले असत. बायको जागी व्हायच्या आत तो ते झटकायचा, तोंड फिरवून.

"सोरायसिस," त्वचेचे डॉक्टर म्हणाले. "कोणाला लागत नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून तुमच्या कातडीवर उलटली आहे. औषधाने आटोक्यात राहील, पण मुळातून जाईल असं मी सांगणार नाही."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय."

"तसंच म्हणा. पण मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका! सांगायला काय जातं? जन्मभर ज्याची शिसारी आली, तेच अंगावर वागवायचं आणि वर मनाला लावायचं नाही. बायको मलम लावायला आली तर तो तिच्यावर खेकसला, "हात नको लावूस. घाण आहे ती."

"लागत नाही म्हणालेत ना डॉक्टर?"

"लागत नाही, पण दिसते ना!"

बायकोने मलमाची ट्यूब त्याच्या हातात आपटली. "मग पाठीला तुमचं तुम्हीच लावा," म्हणाली आणि निघून गेली.

पाठीचं कसंबसं भागलं, पण डोक्याचं काय? न्हाव्याला स्वतःचे केस स्वतः कापता येत नाहीत. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून भाऊ एकमेकांचे केस कापत. थोरला ते टाळत राहिला. आज डोकं दुखतंय, आज कंटाळा आलाय. शेवटी गिऱ्हाइकंच टोमणे मारू लागली, की ज्याच्या डोक्यावर जंगल माजलंय त्याच्याकडून आम्ही केस कापून घ्यायचे होय! भीती त्याला एकाच गोष्टीची होती. धाकटा कोणता टॉवेल आणेल?

एका संध्याकाळी त्याने धाकट्याला सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? बस की," धाकटा म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. पण पाय सवयीचे गुलाम. ते सरळ दाराआड गेले.

मानेभोवती टॉवेल आला आणि थोरल्याच्या नाकात भपकारा शिरला. जुन्या घामाचा, कुबट, आंबूस.

"हा शेवटचा कधी धुतला होतास रे?"

धाकट्याला तेव्हा कुठे कळलं आपण काय आणलंय. त्याचा चेहरा पडला. "तूच म्हणाला होतास ना दादा, बाकीच्या टॉवेलांत तो धुवायला टाकू नको म्हणून."

थोरल्याला स्वतःचीच किळस आली, चट्ट्यांची कधी आली नव्हती एवढी. असल्या चिंधीत घड्याळवाल्याची मान गुंडाळायची, वर पैसे घ्यायचे, आणि त्याच्या पाठीमागे हसायचं!

"बदलतो," धाकटा म्हणाला.

"राहू दे. काप."

कात्री कानापाशी आली. आरशात थोरल्याला दिसलं, धाकट्याचं बोट पुढे आलं, अडलं, आणि कंगव्याकडे वळलं. थोरल्याने हात वर केला आणि आपला कान आपणच दुमडून धरला.