बर्फाच्या समुद्रातली हाक

मी शहाद्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. वर्गात पोरं भुताखेतांचा विषय काढतात तेव्हा सगळ्यात आधी हसणारा मीच. त्यामुळे हे लिहायला जड जातंय... तरी लिहितो.

माझा धाकटा भाऊ पंकज, आमचा पंक्या, नोकरीसाठी नॉर्वेत असतो. लहानपणी मी तापीत सूर मारायचो आणि हा पाण्याच्या भीतीने काठावर माझे कपडे सांभाळायचा. तोच पंक्या गेल्या जुलैत मित्रांबरोबर शिडाची नौका भाड्याने घेऊन आर्क्टिक समुद्रात फिरायला निघाला! सोबत हेल्गा नावाची तिथली कप्तान. नौका ठरवण्यापासून लोकरी मोज्यांपर्यंत सगळी खबर आमच्या फॅमिली ग्रुपवर. माय ते फोटो अख्ख्या गल्लीला दाखवायची.

साफ सांगतो, मी जळत होतो. पोहणारा मी, आणि माझा समुद्र म्हणजे कॉलेजची पाण्याची टाकी.

त्या रविवारी दुपारी दीडला मी जेवत होतो. बंदर सोडताना पंक्याने पाठवलेला फोटो मायने माझ्यापुढे धरला — मागे बर्फाचे डोंगर, वर पांढरंशुभ्र शीड.

"तुन्हा भाऊ कोठे जाई पोचना, आन तू तोंड पाडीसन बसेल शे!"

मग तिने मीठ-मिरच्या घेतल्या आणि चक्क मोबाईलवरून ओवाळायला लागली. "घरनी, दारनी, आलागेलानी..." 'घरनी', म्हणजे घरच्यांची दृष्ट, म्हणताना माझ्याकडे बघितलं. मिरच्या विस्तवावर पडल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही. म्हणजे दृष्ट कडक, असं आमच्याकडे मानतात. मी हसलो. आणि मनात म्हणालो — पड एकदा त्या गार पाण्यात, म्हणजे उतरेल सगळी ऐट!

तीन दिवसांनी रेंज मिळाल्यावर पंक्याचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता रडायलाच लागला.

"भाऊ, वारा एकदम फिरना. शिडना आडवा दांडा सरळ मन्हा डोकाकडे ई ऱ्हायंता, माले दिसनाच नही. तितलामा तुन्ही हाक उनी — पंक्या, खाले बस! मी बसनू, आन दांडा वरतीन गया. तुन्ही हाक नसती तं मी गयतूच!"

मी म्हटलं, भास असेल. तेवढ्यात हेल्गा स्क्रीनवर आली आणि तिच्या त्या हेलात म्हणाली, "पंक्या, खाले बस." नौकेवरचंच कुणी ओरडलं असेल म्हणावं, तर ती म्हणे सगळे तिच्या पुढ्यात होते आणि पुरुषाचा तो आवाज मागून, पाण्यावरून आला. तिला अहिराणी कोण शिकवणार? नौकेच्या वहीत तिने वेळही लिहून ठेवली होती — रविवार, सकाळचे दहा. म्हणजे आपल्याकडचा दीड.

दीडला मी काय म्हणत होतो ते वर लिहिलंच आहे. पंक्याला मात्र अजून सांगायची हिंमत झालेली नाही. पुढच्या वर्षीच्या नौकेत त्याने माझं नाव घातलंय, भाऊ सोबत असला की भीती नाही म्हणतो. माय गल्लीभर सांगत फिरते, मोठ्याचा धाकट्यावर किती जीव!

भौतिकशास्त्रात याचं उत्तर मला सापडलेलं नाही. पंक्याचा हेवा आता वाटत नाही. वाटतो तो त्या हाक मारणाऱ्याचा... माझाच आवाज, पण माझ्या भावावर माझ्यापेक्षा जास्त जीव असलेला तो कोण होता?