येते म्हणायचं राहिलं

मला गाडी लागते. नाक वडिलांचं आलं आणि गाडी लागणं आईचं. आई एसटीत चढली की सरळ ड्रायव्हरच्या मागच्या बाकापाशी जाऊन उभी राहायची आणि तिथं बसलेल्या माणसाला म्हणायची, "आवं, मला गाडी लागती." माणूस आपल्या कपड्यांकडं बघून ताबडतोब उठायचा. आमच्या घरात त्यामुळं ठरूनच गेलं होतं, आई म्होरं आणि बाकी सगळे मागं. लग्नाच्या वऱ्हाडात, देवाला जाताना, ऊसतोडीच्या दिवसांत शेजारच्या ट्रॅक्टरमधून रानात जातानासुद्धा.

बँकॉकहून अयुथयाला निघायच्या सकाळी मी गोळी घेतली. मग घेतली की नाही तेच आठवेना, म्हणून आणखी एक घेतली. तो सगळा दिवस त्यामुळं मला पाण्याखालून बघितल्यासारखा आठवतो. विटांचे मनोरे, पिवळी वस्त्रं, नदी, सगळं जरा हलत होतं, आणि माणसं बोलायची त्यानंतर थोड्या वेळानं मला ऐकू यायचं. काही गोष्टी मात्र लख्ख आठवतात. त्या सगळ्या अण्णांच्या आहेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, उंब्रजला स्लॅबचं घर बांधलं आणि आईबरोबर शेती बघत राहिले. ही सहल आईनंच ठरवली होती, दोघांसाठी. तिच्या ओळखीतल्या कराडच्या बायका नवऱ्यांना घेऊन निघाल्या होत्या; आई म्हणाली, आपण काय घोडं मारलंय? अण्णांच्या मित्रांनी पारावर त्यांची यथेच्छ चेष्टा केली. "काय गड्या, बँकॉक व्हय? आन् संगं मंडळी?" अण्णा लाजले, पण मनातून खूश होते. मग श्रावणात आई गेली. सहलवाल्यांनी तिच्या जागी माझं नाव घातलं. मी नको म्हणत होते, पण त्या बायकांतल्या एका काकूंनी फोनवर ऐकूनच घेतलं नाही.

आई गेल्यापासून अण्णा माझ्याकडं सांगलीत होते. उंब्रजच्या घराला कुलूप. त्यांनी त्या घरात परत पाऊल टाकलं नव्हतं, वास्तविक एसटीनं दीड-दोन तासांचा रस्ता. पुण्याच्या माझ्या भावानं गिऱ्हाईक आणलं होतं. अण्णा त्याला म्हणाले, "फिरून आलो की सांगतो." मला ते घर जायला नको होतं. पण त्याहून मला वाटायचं, या माणसानं एकदा तरी तिथं जावं. सांगलीच्या फ्लॅटमध्ये ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेला बसायचे. मला ते बघवत नसे.

सांगलीहून विमानतळाकडं निघालो, तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलर उंब्रजवरूनच गेला. गाव आलं तसे अण्णा दुसऱ्या बाजूच्या उसाकडं बघत बसले. आणि विमानतळावर तपासणीच्या चौकटीतून जाताना ते वाजले. घड्याळ काढलं, पट्टा काढला, तरी वाजतच होते. शेवटी बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी किल्ली काढली. उंब्रजच्या घराची. ती सांगलीत फ्रिजशेजारच्या खिळ्याला आहे, अशी माझी समजूत होती.

"ही कशाला आणली?" मी विचारलं.

"आसंच," ते म्हणाले.

तर अयुथया. सयामच्या राजांची जुनी राजधानी, तीन नद्यांच्या वेढ्यात वसवलेली. ब्रह्मदेशच्या फौजेनं जाळली त्याला अडीचशे वर्षं होऊन गेली. नाव आपल्या अयोध्येवरून ठेवलेलं. हे आमच्या गाइडनं सांगितलं मात्र, कराडच्या काकूंनी गाडीतच चपला काढल्या. काका म्हणाले, "अगं, राजवाडा यायचाय अजून, ही पार्किंगची जागा हाय." काकूंनी लक्ष दिलं नाही.

गाइड पन्नाशीच्या आतबाहेरची बाई होती. डोक्याला मोठी टोपी, हातात मिटलेली पिवळी छत्री, आणि बोलताना वाक्याच्या शेवटी जरा हसायची सवय. ती इंग्रजीतून सांगायची आणि मी आमच्या लोकांसाठी मराठी करायची. गोळ्यांच्या अंमलाखाली केलेलं ते भाषांतर किती खरं होतं, देव जाणे. एका राजाच्या नावाशी मी दोन देवळं जोडली असणार.

पहिल्याच देवळात तिनं सांगितलं, उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून या. सगळ्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या. "हे आमालाच सांगती व्हय!" काकू म्हणाल्या आणि वाकून उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला. मागच्या सगळ्यांनी तेच केलं. गाइड बघतच राहिली. अण्णांनी मात्र नुसताच उंबरा ओलांडला.

एका पिंपळाच्या मुळ्यांत बुद्धाचं दगडी मस्तक अडकलेलं आहे. मुळ्यांनी ते चहूबाजूंनी धरलंय आणि चेहरा तेवढा मोकळा सोडलाय. फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाऊ द्यायचं नाही. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मागं रांग झाली. मला वाटलं, गुडघा धरला. मी हात द्यायला गेले तर म्हणाले, "झाडानं जपलंय बग." एवढंच. मला एकदम रडू आलं, आणि ते गोळीमुळं नव्हतं.

दुपारी जेवणानंतर तो घोटाळा झाला. तिथं रस्त्याकडेला पातळ पोळीत म्हातारीचे केस गुंडाळून विकतात, हिरवे, गुलाबी. काकूंनी एका दुकानात चव घेतली, किंमत विचारली, आणि निघताना शिष्टाचार म्हणून 'येते हं' म्हणायचं ते इंग्रजीतून म्हणाल्या, "आय कम, आय कम." आम्ही गाडीत बसलो. गाडी हलेना. गाइड खिडकीशी आली आणि तिच्यामागं ती दुकानदारीण, हातात भलामोठा पुडा बांधून. या बाई परत येते म्हणाल्या, म्हणून तिनं बांधून ठेवलं होतं आणि वाट बघत होती.

"मी कवा म्हटलं घेते म्हणून?" काकू गोंधळल्या.

"येते म्हणालीस ना? मग जा आता," काका म्हणाले. गाडीत हशा झाला. काकूंनी पुडा घेतला आणि परतीच्या विमानापर्यंत आम्हाला सगळ्यांना ते केस खावे लागले.

गाइड माझ्या शेजारी येऊन बसली. तिला हे काय प्रकरण आहे ते समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. जाते म्हणणं अशुभ. जाणारा येतो म्हणतो, आणि घरातला माणूस म्हणतो, या.

"या," तिनं म्हणून बघितलं. "येतो. या." तिला ते फार आवडलं. मग तिनं मागं अण्णांकडं बघितलं. आमचं ऐकून तीही त्यांना आन्ना म्हणायला लागली होती. "तुम्ही सगळे देवळातून निघताना काहीतरी पुटपुटता, ते हेच का? आन्ना काही म्हणत नाहीत."

खरं होतं. अण्णा कुठूनच निघताना काही म्हणत नसत. सांगलीतही दार ओढून गुपचूप जायचे. मला वाटायचं, म्हातारपण, दुःख. मी मागं वळून त्यांना विचारलं, जरा थट्टेनंच, "अण्णा, ही विचारते, तुम्ही येतो का म्हणत नाही?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. पण पुढच्या देवळात, नदीकाठच्या त्या मोठ्या देवळात, बाकीचे फोटो काढायला पांगले तेव्हा ते माझ्याजवळ आले. तिथं ओवरीत बुद्धाच्या मूर्ती ओळीनं बसलेल्या आहेत, मांडी घालून, हात मांडीवर, आणि बहुतेकांना डोकी नाहीत. ऊन उतरायला लागलं होतं. विटा गरम होत्या. गाइड थोड्या अंतरावर छत्री टेकून उभी होती.

"तुझी आई," अण्णा म्हणाले, "घराला कुलूप लावलं तरी दारावर हात ठिवून येते म्हणायची. रिकाम्या घराला. तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. लहानपणी आम्ही हसायचो तिला.

"मिरजेला दवाखान्यात न्यायची तवा गाडी दारात हुती. ही दारात हुबी राह्यली. आन् मी म्हटलं, बस की लवकर, डागदर काय तुझी वाट बघत बसल्यात व्हय? तशीच येऊन बसली. म्हटलीच न्हाई. मी म्हणू दिलं न्हाई तिला."

मिरजेच्या त्या दवाखान्यातून आई परत आली नाही. हे आम्हा दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

असं काही नसतं अण्णा, असं म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण आमच्यात असं असतं. मी स्वतः मुलीला दारातून परत बोलावून येते म्हणायला लावलेलं आहे. महिनेच्या महिने ते हे एकटे बाळगत होते आणि मी त्यांना सकाळी फिरायला जा म्हणून सांगत होते. माझाच मला राग आला, आणि त्यांची इतकी माया आली की मी त्यांचा हात धरला. आमच्याकडं मोठ्या मुली वडिलांचा हात धरत नाहीत.

गाइडनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. गोळ्या, ऊन, ती बिनडोक्याची शांत माणसं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "आमच्यात निघताना म्हणतात, मी आधी जाते. रोज म्हणतात. कामावरून निघताना, जेवून उठताना. त्यात वाईट काही नाही. बाकीचे मागून येणारच असतात."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणती?"

आधी जाते. मी मराठी शब्द शोधला आणि माझ्या तोंडून आला तो असा, "म्हणते, यांच्यात निघताना म्हणतात, मी पुढं होते, तुम्ही या मागनं."

"म्होरं," अण्णा म्हणाले.

"हो. म्होरं."

ते नदीकडं बघत बसले. पलीकडच्या काठानं एक नाव जात होती आणि तिच्या लाटा बऱ्याच उशिरानं आमच्या काठाला येऊन लागल्या. कराडला संगमावर आम्ही आईच्या अस्थी सोडल्या, तेव्हा कृष्णेचं पाणी गढूळ होतं आणि अण्णा काठावर अटेन्शनमध्ये उभे होते. इथं ते पायरीवर पाय सोडून बसले होते. मला वाटतं मी थोडी झोपलेही, त्यांच्या खांद्याला टेकून. जागी झाले तेव्हा मनोरे काळे पडले होते, मागचं आभाळ पिकल्या पपईच्या रंगाचं झालं होतं, आणि काकू गाडीतून हाका मारत होत्या.

सगळे बसले. मी खिडकीशी बसले. अण्णा शेवटी निघाले. देवळाच्या बाहेरच्या पडक्या दारापाशी ते थांबले, वळले आणि वाकून उंबऱ्याला हात लावला. गाइड त्यांच्याजवळच होती. अण्णा मोठ्यानं म्हणाले, फौजी आवाजात, मला गाडीत ऐकू आलं, "येतो आमी."

गाइडनं हात जोडले. "या," ती म्हणाली, अगदी बरोबर.

अण्णा गाडीत येऊन बसले. ती दाराशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "येतो कळलं. आमी म्हणजे काय?"

"आम्ही. एकापेक्षा जास्त माणसं."

तिनं वळून देवळाकडं बघितलं. तिकडं कुणी नव्हतं. तरी तिनं गाडीचं दार लावलं नाही. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं, काहीतरी विचारलं. तिनं हातानं थांब म्हटलं. मग अण्णाच म्हणाले, "झाक म्हणावं दार. ती म्होरं बसली आसंल, तिला गाडी लागती."

परतीच्या प्रवासात पुणं सुटल्यावर मी गोळी घेतली, एकच. साताऱ्याच्या पुढं डोळा लागला होता. जाग आली ती अण्णांच्या आवाजानं. "उंब्रजला गाडी आत घे रं जरा."

दारात पाला साचला होता. अण्णांनी बंडीतून किल्ली काढली, कुलूप दोनदा हिसडलं आणि दार ढकललं. आतून बंद घराचा वास आला. त्यांनी पिशवी आत ठेवली, मग दुसरी. माझ्या लक्षात आलं, ते आपलं सगळं सामान उतरवून घेत होते.

"तुझ्या भावाला म्हणावं, न्हाई इकायचं," ते म्हणाले. "मी ऱ्हातो हितंच. शेजारी हायती की, जेवायचं बघतील आज."

मी बरंच बोलले. गॅस, पाणी, औषधं. ते ऐकत होते आणि खुंटीवरचा झाडू काढत होते. रस्त्यावर ड्रायव्हरला घाई होती. सांगलीला पोचून त्याला दुसरी फेरी होती. मी दारात उभी राहिले आणि त्यानं हॉर्न वाजवला. मी तशीच निघाले.

"थांब की रं जरा!" अण्णा माझ्या मागून त्याच्यावर ओरडले. "तिला म्हणू दे."

मी मागं फिरले. उंबऱ्याला हात लावला. "येते," मी म्हणाले.

"ये," अण्णा आतून म्हणाले.