कोरडी चेन

लोणावळ्यात वाहिदइतका चेन जाणणारा मिस्त्री दुसरा झाला नाही, आणि त्याला गावातून घालवणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच सांगून टाकतो.

एकोणीसशे चौतीस साली आम्ही दोघे दत्तोबांच्या गॅरेजात होतो. तो मिस्त्री, मी कारकून. पूर्वीच्या मोटारसायकलींना चामड्याचा पट्टा असे आणि पावसात घाट चढताना तो हमखास घसरे. मग चेनवाल्या गाड्या आल्या आणि वाहिदला भाव आला. चेन उतरवून तो रॉकेलमध्ये धुई. चरबीत काळ्या शिशाची भुकटी घालून मंद आचेवर पातळ करी आणि तीत चेन बुडवून ठेवी. बुडबुडे थांबले की बाहेर काढून टांगे आणि वरून फडक्याने अगदी कोरडी पुसे. "घासतंय ते कड्यांच्या आत, खिळीपाशी. वंगण तितं पायजे," म्हणे.

गिऱ्हाइकांना हे कुठून पटणार! त्यांना चेन तेलाने निथळताना दिसायला हवी. खडीचे कंत्राटदार अंबाजी एकदा आपल्या मोटारसायकलच्या चेनला बोट लावून ओरडले, "दत्तोबा, तुमच्या मिस्त्रीनं वंगण घातलंच न्हाई!"

"मालक, वरनं वतू नका," वाहिद म्हणाला. "धूळ चिकटंल, आन ती पोलाद खाईल."

दत्तोबा मालकांनी त्याला गप्प बसवले आणि स्वतः बुदली उचलून चेनवर तेल ओतले. अंबाजी खूश! पुढे दर आठवड्याला ते येत आणि मालक ओतत. खडीच्या धुळीने चेन काळ्या चिखलात माखून गेली. दोन महिन्यांनी खंडाळ्याच्या घाटात ती झिजलेली, सैल चेन उतरली आणि मागच्या चाकात अडकली. अंबाजींचा पाय मोडला.

"वाहिदनं मुळात वंगण घातलंच न्हवतं, चेन तवाच झिजली," मालकांनी चारचौघांत सांगून टाकले.

वाहिदने माझ्याकडे पाहिले. "नथू, तू हुतास की तितं. सांग."

मी नोकरीला भ्यालो. मान खाली घालून टाक पुसत बसलो.

त्यानंतर लोणावळ्यात त्याला कुणी दारात उभे केले नाही. वडगावच्या बाजारात तो बैलगाड्यांच्या आसांना वंगण घालू लागला. तसला हात, आणि त्याच्या नशिबी हे काम! मालकांची मला अजून चीड येते. स्वतःची त्याहून जास्त येते.

दहा वर्षांनी, मालक वारल्यावर, मी सायकल घेऊन त्याच्याकडे गेलो. तोवर धीर झाला नव्हता. माफी मागायची होती, पण तोंडातून निघाले, "चेन कुरकुरते रे."

त्याने चेन उतरवली, धुतली, चरबीत बुडवली, कोरडी पुसून परत चढवली.

"लाव बोट."

मी लावले. बोट स्वच्छ निघाले.

"वंगण हाय का न्हाई?"

"आहे, वाहिद."

"येवढंच बोलायचं हुतं तवा," तो म्हणाला, आणि पुढच्या बैलगाडीकडे वळला.